पोचा पडलेला डबा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या वहिनीचे आहेत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी हाती आली ती तिच्यामुळे. त्याच वर्षी मी तिच्याशी जे वागलो, तेही सांगायला हवं. मध्यंतरी तिच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, माझं एक जुनं आंतर्देशीय पत्र निघालं. तिने ते माझ्या हातात दिलं आणि चहा ठेवायला आत गेली. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, चौकपासून पाऊण तास चालत. दादा खोपोलीला कारखान्यात पाळीवर जायचा. मी चौकला एसटी धरून पनवेलच्या कॉलेजात जायचो. बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. आई माळकरी. माझ्याही गळ्यात तिने लहानपणीच माळ घातली होती. कॉलेजला जाऊ देताना तिने एकच अट घातली.

"तिकडं पोरं काय वाट्टेल ते खातात. अंडं, मासळी तुझ्या तोंडात गेली असं मला कळलं, तर त्या दिवशी कॉलेज बंद. घरी येऊन भात झोड."

आई बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती, हे मला ठाऊक होतं. वहिनीलाही ठाऊक होतं.

वहिनी खंडाळ्याची. तिचे वडील तिथे एका बंगल्यावर माळी होते. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तरी तिला मूल नव्हतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे, पण बारशाचं बोलावणं आलं की आई एकटीच जायची.

शेजारच्या काकीला त्या वर्षी नातू झाला. सुनेला दूध कमी, म्हणून बाळाला पावडरचं दूध पाजायचे. पावडरचा डबा रिकामा झाला की वहिनी तो मागून आणायची. एकदा काकीने माझ्यादेखतच तिला टोकलं.

"तुला गं कशाला दुधाचे डबे? तुझ्या घरात कुठं पोर हाय?"

"मिरच्या ठेवायला, काकी."

"तिसरा डबा नेतेस! एवढ्या मिरच्या कोणाला झोंबवणार हायस गं?"

वहिनी हसली आणि डबा पदराखाली घेऊन आली.

पुढच्याच आठवड्यात त्या नातवाला जुलाब लागले. काकी विहिरीवर चार बायकांत म्हणाली, "वांझेनं माझ्या नातवाचं दूध नेलं." ते संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर आलं. आईने स्वयंपाकघरातलं फडताळ उघडून पाहिलं. मिरच्या नेहमीच्या बरणीतच होत्या. डबा एकही नव्हता.

"तू शिकलेला हायस," आई मला म्हणाली. "जरा नजर ठेव तिच्यावर."

मी ठेवली. एकदा नजर ठेवली की सगळंच वेगळं दिसू लागतं. आई देवळात भजनाला गेली की वहिनी मागच्या न्हाणीतली चूल पेटवायची. पाणी तापायला इतका वेळ का लागतो? निखारे चुलीतून काढून ती कशावर ठेवते? मी परसात गेलो की ती लगबगीने दाराशी येऊन म्हणायची, "भावजी, तुमी अभ्यासाला बसा. पाणी मी आणून देते."

एका दुपारी ती ओढ्यावर धुणं घेऊन गेलेली पाहून मी न्हाणीमागचा लाकडांचा ढीग उपसला. खाली एक जुना टोप होता. त्यात चार बोटं वाळू. वाळूत बाहेरून काळे पडलेले तीन डबे, त्यातल्या एकाला बाजूला मोठा पोचा. डब्यांच्या आत तुपकट, करपलेले कागद चिकटले होते आणि त्या कागदांवर माझं अक्षर होतं. माझ्या जुन्या वहीची पानं. मग मी उकिरडा काठीने उकरला. वरच्याच थरात अंड्यांची टरफलं निघाली. आमच्या माळकऱ्यांच्या घरामागे!

मी रसायनशास्त्र शिकत होतो. वाळू, निखारे, तूप यांचं काय होत असेल, एवढा विचार मला करता यायला हवा होता. पण आमच्याकडे तिठ्यावर उतारा ठेवतात, त्यात अंडं असतंच. तान्ह्याच्या घरचा डबा, अंडी, माझ्या हातचं अक्षर आणि राख. बाळावर झालं, आता माझ्यावर चाललंय, असंच मला वाटलं. मी टरफलं कागदात गोळा केली आणि आईपुढे नेऊन ठेवली.

वहिनी ओढ्यावरून आली तेव्हा आई ओटीवर बसली होती.

"हे काय गं?"

वहिनीने टरफलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

"डबे कशाला आणलेस?"

"मिरच्या ठेवायला," ती पुन्हा म्हणाली.

"आणि अंडी?"

त्यावर ती काहीच बोलली नाही. दादाने पाळीवरून आल्यावर विचारलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा तिला खंडाळ्याला पोहोचवायला निघाला. "बोलावू तेव्हा ये," आईने सांगितलं. बोलावणं जाणार नव्हतं, हे सर्वांना कळत होतं. उंबरा ओलांडताना वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमचा डबा भरून ठेवलाय."

मी तो घेऊन कॉलेजला गेलो. दुपारी उघडला. भाकरीखाली केकची चकती होती.

दोन महिन्यांपासून आठवड्यातून एकदोनदा ती मला ही चकती द्यायची. वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला मी केकचा तुकडा चाखला होता आणि घरी येऊन वहिनीला त्याचं वर्णन करून सांगितलं होतं. त्यानंतर चकती यायला लागली. "चौकच्या हॉटेलातला हाय," ती म्हणायची. त्यात अंडं आहे का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर खाता आलं नसतं. सगळ्यांवर संशय घेणारा मी, त्या चकतीवर मात्र कधी घेतला नाही.

चकतीची एक बाजू आत दबलेली होती. नेहमीच असायची. एरवी ती खालचा कागद सोलून द्यायची, त्या दिवशी तो राहिला होता. त्यावर माझं समीकरण होतं. म्हणजे डब्याला माझ्या वहीचं पान लावून, टोपातल्या तापल्या वाळूत ती केक घरीच भाजत होती. तिने तो मुद्दाम ठेवला की घाईत राहिला, हे मी अजून विचारलेलं नाही.

केक करते असं तिने म्हटलं असतं, तर आईचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: खाल्ला कोणी?

परीक्षा सव्वा महिन्यावर होती. गप्प बसावं, हा विचार माझ्याही मनात आला. चौकला एसटीतून उतरेपर्यंत तो होता. घरी आलो तेव्हा काकी आईपाशी बसली होती. चौकच्या डॉक्टरने दुधाची बाटली उकळून घ्यायला सांगितल्यापासून नातवाचे जुलाब थांबले होते, पण काकीचं बोलणं थांबलं नव्हतं. मी न्हाणीमागून पोचा पडलेला डबा आणला आणि दोघींसमोर चकती त्यात बसवली. पोच्याला पोचा जुळला.

"केक आहे," मी म्हणालो. "वहिनी करायची. माझ्यासाठी."

"तिच्यासाठी खोटं बोलतोस?" आई म्हणाली.

मी कागदावरचं अक्षर दाखवलं.

"अंडं घातलंय यात?"

"हो."

"तू खाल्लंस?"

"दोन महिने."

काकीने चकतीचा कोपरा मोडून आधी हुंगला, मग तोंडात टाकला. "गोड हाय गं," ती म्हणाली. "वेलची घातलीय. करणीत वेलची कोण घालतं?"

"तू गप!" आई ओरडली. मग ती माझ्याकडे वळली. "माळ काढ. देवापुढं ठेव."

मी ठेवली. आता कॉलेज संपलं, असं धरूनच मी देवघरातून बाहेर आलो. आई चूल फुंकत होती. पाठमोरीच म्हणाली, "परीक्षा दे. एवढं करून तिनं तुला खाऊ घातलंय तर पास तरी हो. आणि तिला बोलावणं तूच धाड. घालवलीस तू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहिलेलं पत्र हे असं:

ती. सौ. वहिनीस नमस्कार.

टरफलं आईला मी दाखवली. तुझ्या जाण्याला दुसरं कोणी कारण नाही. तू गप्प का राहिलीस ते मला काल कॉलेजात डबा उघडल्यावर समजलं. मी आईला आणि काकीला सगळं सांगितलं आहे, मी खाल्लं हेसुद्धा. माळ काढली. आई परीक्षेला बसू देणार आहे.

काकीचा नातू बरा आहे. तिने तुला वाईट शब्द वापरला होता, तो तिने विहिरीवर परत घ्यावा असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, बघू. आज सकाळी मात्र दोन रिकामे डबे घासून आपल्या ओटीवर ठेवून गेली.

आई म्हणते, घरात अंडं नको. तिची आणखी एकही अट नाही.

दादा रविवारी सकाळच्या गाडीने येईल. त्याच्याबरोबर यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मग परीक्षा झाली की मी येईन आणि तुझ्या वडिलांसमोर हेच सांगेन.

पोचा पडलेला डबा मी धुऊन फडताळात ठेवला आहे. लपवलेला नाही.

तुझा,
भावजी