प्राध्यापकांचा शब्दकोश
सॅनिटायझरचा वास आला की आयर्लंडमधल्या नावन गावच्या हॉस्पिटलमधला आमचा कोविड वॉर्ड आठवतो. तिथे नव्वदी ओलांडलेले एक जपानी प्राध्यापक माझे पेशंट होते. आयरिश भाषेचा जपानी शब्दकोश हाताने लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते बरे झाले तेव्हा नर्सेसनी टाळ्या वाजवल्या आणि मी आनंदाने त्यांच्या मुलाला फोन केला. तो गडबडलाच. "डॉक्टर, आम्हाला वाटलं ते जाणार. घर रिकामं करून टाकलं. कागद सगळे कचऱ्यात गेले." हे प्राध्यापकांना मलाच सांगावं लागलं. "शब्दकोशसुद्धा?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ते नम्रपणे किंचित वाकून म्हणाले, "मग मला कशाला वाचवलंत?" त्यानंतर त्यांनी अन्न घेतलं नाही, आणि आठवड्याच्या आत ते गेले. आजही पेशंट बरा झाला, की घरी फोन मी दुसऱ्या कुणालातरी करायला सांगते.