मागची भिंत आणि तथागतांचा फोटो

आज सकाळी मी आमच्या जुन्या टेम्पोत मागच्या भिंतीवर तथागतांचा फोटो लावला आणि तिथेच बसून वंदना म्हटली.

मित्रांनो, दोन महिने खपून या टेम्पोत झोपायची सोय केली आहे. पुढच्या आठवड्यापासून पत्नीला नागपुरात कॅन्सरचे उपचार रोज घ्यायचे आहेत. दवाखान्याजवळ खोली मिळाली नाही आणि साकोलीहून रोजची ये-जा तिला झेपणार नाही.

दुपारी दोघांनीही आत बसून पाहिलं. छताला आतून थर्माकोल, वर ओली पोती, पुढे खिडकी, पंखाही सुरू. तरी दहा मिनिटांत तिचा चेहरा उतरला. खिडकीतून आलेल्या हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. मागची भिंत मी फोटोसाठी मुद्दाम बंद ठेवली होती.

पदराने वारा घेत ती म्हणाली, "अजी, तथागत त झाडाखाली बसले होते. तुमी त्यायले टिनाच्या डब्यात कायले कोंडलं? अन् संगं मलेबी!"

मी हसलो. पण उठताना तिला माझा खांदा धरावा लागला.

दोन महिने मी भिंतीचाच विचार केला, आत झोपणाऱ्या माणसाचा नाही. तुमच्या हातूनही असं कधी झालंय का?

संध्याकाळी फोटो काढून तिच्या हातात दिला आणि कटरने मागचा पत्रा खिडकीएवढा कापून टाकला.