दिवाकरभाऊंची खोली आणि माझं नाक

फोन सकाळी आला. माझी बायको नंदा नुसतं "हो... हो... निघतो आम्ही" म्हणत होती आणि मी समोरून खुणेनं 'कोण?' विचारत होतो. फोन ठेवून ती म्हणाली, "अकोल्याचे भाऊजी गेले." मी पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, "धूळ?" ती म्हणाली, "नाही. झोपेतच. हार्ट." अमरावतीहून अकोल्याला पोचेपर्यंत मला त्या एका गोष्टीचं विचित्र समाधान वाटत राहिलं... धुळीनं नेलं नाही त्यांना.

दिवाकरभाऊ माझे साडू, नंदाच्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईंचे यजमान. कापसाच्या जिनिंग कारखान्यात वायरमन होते. निवृत्त झाल्यावर अंगणाकडच्या खोलीत बसून ते लोकांचे व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करू लागले. आपल्याकडे ही वस्तू दिवाळीच्या आधी माळ्यावरून उतरते आणि दिवाळी झाली की पुन्हा माळ्यावर जाते. पुढच्या वर्षी ती ओढत नाही, म्हणून भाऊंकडे यायची. भाऊ झाकण उघडून म्हणायचे, "याले काई झालं नाई. मागची दिवाळी पोटात हाय याच्या." मग ब्लोअर लावून ते पोट साफ व्हायचं. आमच्या काळ्या मातीची धूळ पिठाहून बारीक. ती खोलीतून स्वयंपाकघरात जायची, तिथून वरणात, आणि उरलेली भाऊंच्या छातीत.

खोकला वाढला. डॉक्टरांनी धूळ वर्ज्य सांगितली. कुसुमताईंनी निकाल दिला, "धूळ बंद करा, नाई त मी खोलीले कुलूप लावते." भाऊ फोनवर मला म्हणाले, "खोली गेली त मी दिवसभर काय करू, साडूबुवा?" नेहमी थट्टा करणारा हा माणूस त्या दिवशी माझ्या उत्तराची खरंच वाट पाहत होता. शेवटी उपाय त्यांनीच काढला. व्हॅक्यूम क्लीनर साफ करायला एक वेगळा व्हॅक्यूम क्लीनर. ताई म्हणाल्या, "हाये तेवढे कमी पडून राह्यले का?"

खरेदीला ते अमरावतीला आले. दुकानांसाठी नव्हे, माझ्या नाकासाठी. आमच्या नात्यागोत्यात माझी ख्याती कर्तृत्वाची नाही, शिंकांची आहे. लग्नघरी कुणी सतरंजी झटकली की बायका आधी मला बाहेर काढतात. भाऊ म्हणाले, "कंपनीच्या कागदावर माहा भरोसा नाई. तुमचं नाक म्हंजे मीटर हाय." येताना त्यांनी खोलीतली धूळ पिशवीत बांधून आणली होती, बाजार समितीत तुरीचा नमुना न्यावा तशी.

दुकानातल्या बाईंनी विचारलं, "काका, घर केवढं आहे?"

"घर नाई साफ करायचं. व्हॅक्यूम क्लीनर साफ कराचे हायेत."

"म्हणजे जुना एक्स्चेंजमध्ये द्यायचाय?"

"नाई हो बाई. जुन्याच्या पोटातलं काढाचं हाय."

बाईंनी मालकांना बोलावलं. मालकांनी 'घ्या ट्रायल' म्हणेपर्यंत भाऊंनी चकचकीत फरशीवर पिशवी ओतली होती. मला यंत्राच्या मागे, हवा बाहेर पडते तिथं, उकिडवं बसवलं. पहिलं लाल, देखणं यंत्र सुरू झालं आणि मी अशी शिंक दिली की फ्रिज बघणारं एक कुटुंब पुढच्या रांगेत सरकलं. "नापास," भाऊ म्हणाले. दुसऱ्यानं फरशी आरशासारखी केली, पण बारीक धूळ मागून माझ्याकडेच पाठवली. तेही नापास. शेवटी कोपऱ्यातला करडा, बेढब ड्रम निघाला. मागच्या तोंडाला लांब पाइप लावायची सोय, पाइप खिडकीतून बाहेर सोडता येईल असा. तो सुरू झाला... आणि काहीच नाही.

"दाबून त नाई ठेवली?" भाऊंनी माझ्या डोळ्यांत पाहत विचारलं.

"तुमची शपथ."

मालक हसत म्हणाले, "काका, आणि हा भरला की कशानं साफ करणार?" भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "हे हायेत ना."

अकोल्यात ताईंनी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या फळीवरून बोट फिरवून पाहिलं. मग कुलपाचं नाव काढलं नाही. भाऊंना त्यांची खोली मिळाली, पुढची कितीतरी वर्षं.

तेरवीनंतर काही आठवड्यांनी मी एकटाच अकोल्याला गेलो. लोकांची दोन-तीन यंत्रं अजून खोलीत होती. ती परत करावीत आणि खोलीचं काय करायचं ते ताईंना हळूच विचारावं, असा बेत होता. ताई म्हणाल्या, "भरल्या पोटानं वापस नाई द्यायची. ते देत नसत." म्हणून मी नाकाला रुमाल बांधून ड्रम सुरू केला. त्याचा आवाज मोठा. त्या दिवशी मला तो बरा वाटला, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आणि मधेच तो गपकन बंद पडला.

भाऊंनी इतकी वर्षं चालवलेलं यंत्र मी पहिल्याच दिवशी जाळलं! बटण दाबून पाहिलं, पिन हलवून पाहिली. मग कबुली द्यायला आत गेलो.

ताई स्वयंपाकघरात बोर्डापाशी उभ्या होत्या. हात अजून बटणावरच. ओट्यावर चहा गाळून ठेवलेला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या आवाजात भाऊंना हाक कधीच ऐकू जात नसे. चहा झाला की ताई इथूनच खोलीची लाइन बंद करायच्या, आणि भाऊ हात झटकत, "आलो, आलो" करत यायचे.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. कप माझ्यापुढे सरकवला.

"पिऊन घ्या," त्या म्हणाल्या, "मंग लावून देते लाइन."