दुसऱ्या मजल्यापर्यंत

त्यांना सगळे ठोकेकाका म्हणत. इमारतींची आग-सुरक्षा तपासण्यात उभा जन्म गेला, आणि भिंत दिसली की बोटांच्या पेरांनी ठोकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुसऱ्याच्या घरी गेलं की हा माणूस पाणी प्यायच्या आधी भिंत वाजवून बघतो, अशी बायकोची तक्रार.

त्या नऊ मजली इमारतीत अजून कोणी राहायला आलेलं नव्हतं. भर दुपारी काका वरून भिंत ठोकत जिना उतरत होते. साइट इंजिनिअर खालीच थांबला होता. भिंत नामी होती, दोन तास आग थोपवून धरणारी. चौथ्या मजल्यावर त्यांना मागून पावलं ऐकू आली. एकदोन नव्हे, चिक्कार. चपलांची, अनवाणी, काही लहान मुलांची. वाट द्यायला काका भिंतीला चिकटले. पावलं अगदी अंगाला लागून गेली. जिन्यात मात्र चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर सगळा आवाज एकदम तुटला. त्याच्या खालच्या पायऱ्यांवर काहीच वाजलं नाही.

काकांनी वाकून खालच्या रिकाम्या पायऱ्या न्याहाळल्या. थोड्या वेळाने ते तसेच खाली आले आणि प्रवेशाच्या दोन मजली उंच दालनाचं खोटं छत उघडायला लावलं. दालन ऐसपैस व्हावं म्हणून जिना दुसऱ्या मजल्यावर मागे वळवून थेट बाहेर उतरवला होता, आणि त्याची वरची भिंत जमिनीपर्यंत आणलीच नव्हती. दुसऱ्या मजल्यापासून वरची सगळी भिंत एका लोखंडी गर्डरवर उभी होती, आणि गर्डर उघडा, नुसता लाल रंग फासलेला.

इंजिनिअरने समजावलं, भिंत दोन तासांची आहे, नियमात बसते.

"भिंत बसते," काका म्हणाले. "पण खाली आग लागली तर हा गर्डर पंधरा-वीस मिनिटांत वाकेल. मग वरची माणसं कुठवर उतरतील, माहितीये? दुसऱ्या मजल्यापर्यंत."

त्यांनी इमारतीचा आग-सुरक्षेचा दाखला अडवला. बिल्डरने वरपर्यंत तक्रारी केल्या, साहेबांनी बोलावून झापलं, पण काका हटले नाहीत. शेवटी गर्डर आणि त्याखालचे खांब काँक्रीटमध्ये गाडले गेले, भिंतीइतकेच दोन तास टिकतील असे. पावलांबद्दल ते कोणापाशी बोलले नाहीत. बोलणार तरी काय?

सहा वर्षांनी त्याच दालनात आग लागली. निवृत्त काका धावत गेले. वरची सगळी माणसं जिन्याने धडधाकट बाहेर आली होती. काका समोरच्या फुटपाथवर उभं राहून एकेकाकडे बघत राहिले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

"त्या दिवशी तुमच्या अंगाला लागून किती जण उतरले होते?"

"मोजायची हिंमत झाली नाही. आज मोजले. सत्तेचाळीस."

बाहेर अजून लख्ख उजेड होता, तरी तिने उठून देवापुढे दिवा लावला.