खांद्यावरून ओढलेला पदर

"हिच्यावर नको. हिच्या अंगावर रंग मरतो."

मालक एवढंच बोलले आणि माझ्या खांद्यावरचा पदर त्यांनी ओढून घेतला. समोर गादीवर लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब बसलेलं. नवरी, तिची आई, मावश्या. हातात चहाचे कप. मोरपंखी पैठणी होती. मी ती अर्धी लावून आरशाकडे वळले होते.

"रेश्मा, तू ये गं."

रेश्मा गोरी. ती आली आणि मान खाली घालून उभी राहिली. माझ्या अंगावरची साडी तिच्या अंगावर गेली. एक मावशी हसली. मी खाली बसून दुसऱ्याच साड्यांच्या घड्या घालायला लागले, कारण हात कुठे ठेवावेत ते कळेना.

दादरला हिंदमाताच्या दुकानांत साडी घडीत विकली जात नाही. ती कुणीतरी अंगावर घेऊन दाखवावी लागते. जुने सेल्समन शर्टावरूनच पदर घेतात, पँटीत निऱ्या खोचतात, आरशासमोर गिरकी घेतात. कुणाला त्यात काही वाटत नाही. त्या मिशीवाल्या बाप्यांवर रंग मरत नाही. माझ्यावर मरतो.

सोडायची होतीस ना नोकरी, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातंय. मी परळच्या चाळीतली. वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले आणि त्यातच गेले. घरात आई, तिचे दुखरे गुडघे आणि माझा पगार. दादरच्या दुसऱ्या एका दुकानात विचारून आले होते. तिथे आधी आडनाव विचारलं, मग म्हणाले, "कळवतो." अजून कळवतायत. म्हणून मी राहिले. साड्या उलगडायच्या, पोत सांगायचा, आणि लावून दाखवायची वेळ आली की आपणहून बाजूला व्हायचं. पुढे पुढे कुणी सांगायचीही गरज उरली नाही. याचीच मला जास्त चीड येते.

मग मालक कुठल्याशा हॉटेलात शिबिराला जाऊन आले. धंदा आदराने कसा चालवावा, हाताखालच्या माणसांना मोठं कसं करावं, असलं काहीतरी. आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना गादीवर बसवलं. "आजपासून मला मालक म्हणायचं नाही. भाऊ म्हणायचं. आपण एक कुटुंब आहोत." गल्ल्यामागच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत 'सन्मान' लागला. आणि मला बस्त्याच्या विभागाची इन्चार्ज केलं. टाळ्या वाजल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आईने चाळीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला बाजूला घेतलं. आवाज लोण्यासारखा.

"बस्त्याला साडी कोण लावणार ते आता तू ठरवायचं. त्या नवीन सुप्रियाला नको लावू देऊस. आपला माल उठून दिसला पाहिजे ना? तूच समजाव तिला. मी बोललो तर तिला वाईट वाटेल. तुझ्याकडून आलं की लागत नाही."

सुप्रिया लालबागची, माझ्याहून सावळी. साडी लावायची भारी हौस. गिऱ्हाईक नसलं की आरशासमोर निऱ्या घालून बघायची.

तेव्हा मला माझ्या मोठेपणाचा अर्थ कळला. अपमान तोच राहणार होता. फक्त वाईट भाऊंनी व्हायचं नव्हतं, ते काम माझ्याकडे आलं होतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गोड बोलून सांग की तिला. इतकी वर्षं तू ऐकलंस, तिनं ऐकलं तर काय बिघडलं?" मला आईचाही राग आला. ती गुडघे चोळत होती. इकडे आड, तिकडे विहीर.

त्याच आठवड्यात गिरगावातलं एक कुटुंब बस्त्याला आलं. नवरीने अंजिरी शालू उचलला. "कुणी लावून दाखवता का?"

सुप्रिया माझ्याकडे वळली. "ताई, मी लावू?"

भाऊ गल्ल्यावरून बघत होते. त्यांनी डोळ्यांनीच मला रेश्मा दाखवली.

"लाव," मी म्हणाले.

तिने शालू लावला. भाऊ उठून आले, हसत हसत. "अगं, रेश्माला बोलव की." हात पदराकडे गेला. मी मध्ये उभी राहिले.

"भाऊ, कोण लावणार ते मी ठरवायचं, तुम्हीच म्हणालात. तिच्या पदराला हात लावू नका."

भाऊंनी हात मागे घेतला, पाहुण्यांना चहा सांगितला आणि गल्ल्यावर जाऊन बसले. तो शालू काही त्या लोकांनी घेतला नाही. गोष्टीत घेतला असता.

रात्री दुकान वाढवताना, शटर ओढायच्या आधी, भाऊ म्हणाले, "तुला मोठं केलं तीच चूक झाली. उद्यापासून खाली गोडाऊनमध्ये जायचं. नाहीतर राजीनामा दे. चांगलं सर्टिफिकेट देतो."

आज मी गोडाऊनमध्ये आहे. खिडकी नाही, पंखा नुसता आवाज करतो. वर सुप्रियाला पुन्हा लावायला देतात की नाही, मला माहीत नाही. राजीनामा मी देणार नाही. मला घालवायचं असेल तर सगळ्या दुकानासमोर कारण सांगून घालवा, आणि ते स्वतःच्या तोंडाने सांगा. माझं तोंड त्या कामाला मिळणार नाही.