एकदा दाबलं तर होय

"लॅरिंजियल फ्रॅक्चर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे तुमचं स्वरयंत्र फुटलंय. श्वास चालावा म्हणून गळ्याला भोक पाडून नळी घातली आहे. त्याला ट्रॅकिऑस्टोमी म्हणतात. आवाज परत येईल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

मी बाईंना शिवी घातली. म्हणजे घालायला गेलो. नळीतून फस्सकन हवा सुटली आणि चादरीवर रक्ताचे शिंतोडे उडाले.

मी देवबागचा. आमची रापण आहे. साठ-सत्तर माणसं किनाऱ्यावरून एक भलंमोठं जाळं ओढतात, आणि ओरडून त्यांना एका तालात ठेवायचं काम माझं. आवाज हाच माझा हुद्दा. २००९ च्या ऑक्टोबरात बाहेरचा एक ट्रॉलर किनाऱ्याला खेटून आला आणि आमचं जाळं चरचर फाडत गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन होड्या घेऊन आम्ही चाल केली. पहिला दगड मीच मारला, हे लपवत नाही. मग ट्रॉलरवरचा एक उंच, दाढीवाला माणूस वल्हं घेऊन पुढे आला. पहिला घाव मी मनगटावर झेलला, दुसरा गळ्यावर बसला.

गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत मी निळा पडलो होतो म्हणे.

ज्यांच्या वाट्याला ही नळी येईल त्यांना आधीच सांगतो, सर्वांत वाईट सक्शन. नर्स गळ्यातल्या नळीत दुसरी बारीक नळी घालते आणि मशीनने कफ ओढून काढते. आतून कोणी खरवडतंय असं वाटतं. मी नर्सला दोनदा लाथ मारली. तिसऱ्या वेळी तिने माझे पाय बांधले, आणि बरोबरच केलं.

बोलणं बंद, उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे कागदावर लिहिणंही बंद. उरला डाव्या हाताचा अंगठा. माझा भाचा बाबल्या त्याचा नवा काचेचा फोन घेऊन आला. "मामा, ह्येच्यार लिव. नुसता बोट लावूचा." पण मानेला बांधलेल्या पट्ट्यामुळे माझी मान वाकत नव्हती, मी छताकडे बघत पडलेला. काचेवरची अक्षरं बघितल्याशिवाय सापडत नाहीत. फोन डोळ्यांसमोर धरावा तर धरायलाच एक हात लागतो. त्यात माझा अंगठा दोरखंड ओढून सुपारीएवढा झालेला, एका वेळी तीन अक्षरं दाबायचा. मला पाणी मागायचं होतं. चौथ्या प्रयत्नाला मी तो फोन भिंतीवर भिरकावला.

मग बायकोने, सुशीलाने, तिचा जुना बटणांचा फोन माझ्या हातात दिला. त्यात पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. तो चाचपला की बाकीची बटणं न बघता कळतात. दोन दिवसांत मी पोटावर फोन ठेवून आंधळ्यासारखं लिहायला शिकलो, इंग्रजी अक्षरांत मालवणी. दर अक्षराला एकदा, दोनदा, तीनदा दाबायचं. अशा रुग्णाला आधी बटणांचाच फोन द्या, एवढं माझं ऐका.

सहाव्या दिवशी सकाळी सुशीला औषधं आणायला खाली गेली होती. फोन वाजला. मी बटण दाबून तो कानाशी ठेवला.

"मामा, एक गावलो!" बाबल्या धापा टाकत होता. "त्याच ट्रॉलरचो. कर्नाटकचो बसप्पा म्हणान कोण आसा. माडाक बांधलो हा. सगळे तुझ्या शब्दासाठी थांबले हत. ह्योच काय तो? बटण एकदा दाबलंस तर होय, दोनदा दाबलंस तर नाय."

आमच्यात मार खाल्लेल्याचा शब्द शेवटचा असतो. त्याने सांगितल्याशिवाय कोणी हात उचलत नाही, आणि त्याने सांगितल्यावर कोणी थांबत नाही.

बसप्पाला मी बंदरावर पाहून ओळखत होतो. तो ट्रॉलरवर जेवण रांधायचा. मारामारीच्या वेळी तो चुलीमागे डोकं धरून बसला होता, माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं होतं. मला सगळं माहीत होतं. पण सहा दिवस गळ्यात नळी, सहा दिवस ती खरवड. कोणीतरी किंचाळावं, एवढंच मला हवं होतं.

मी बटण एकदा दाबलं.

फोन बंद करायचं बाबल्याला सुचलं नाही. पहिला फटका ऐकला, लाकडाचा. मग बसप्पाचा आवाज आला. मग हाड मोडल्याचाही आला. मी पुन्हा पुन्हा दोनदा दाबत होतो, पण फोन कुणाच्या कानाला होता? मी उठायला गेलो, नळीला हिसका बसला, डोळ्यांपुढे अंधार आला.

शेवटी फोन कापला आणि लिहायला लागलो. 'थांबवा' एवढ्या एका शब्दाला अकरा वेळा बटण दाबावं लागतं. अंगठा घामाने घसरत होता. सुशीला आली तेव्हा मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. तो न्हय. थांबवा. मी खोटा बोललंय.

"ह्यां काय केलात तुमी?" ती एवढंच म्हणाली आणि तिने माझ्या भावाच्या घरी फोन लावला. "वैनी, धाव गो! किनाऱ्यार जा! तेंका सांग, तो ह्यो न्हय!"

वैनी किनाऱ्यावर धावत गेली आणि मधे पडली म्हणून बसप्पा जगला. दोन्ही हात मोडले होते, तीन बरगड्याही. त्याला आमच्याच हॉस्पिटलात आणलं, वरच्या मजल्यावर.

तिसऱ्या आठवड्यात मानेचा पट्टा निघाला. तोवर बटणं दाबून अंगठ्याची शीर सुजली होती. मग बाबल्याचा तडा गेलेला काचेचा फोनच उशीवर ठेवून घेतला. त्याला जोर लावावा लागत नाही, आणि आता मान वाकत होती. त्यावर पूर्ण जबाब लिहिला आणि हवालदाराला दाखवला. दाढीवाल्यावर केस झाली, तशी बाबल्यावर आणि आणखी तिघांवर, आणि माझ्यावरही. रापणीतली माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. ते रास्त आहे.

बसप्पाला मराठी कळायचं, पण वाचता येत नव्हतं. त्याला फोन दाखवून काय उपयोग?

डॉक्टरबाईंनी नळी बदलली आणि म्हणाल्या, "नळीच्या तोंडावर बोट ठेवून बोलून बघा. घरच्या कुणाचं नाव घ्या."

मी नाव घेतलं नाही. सुशीलाला धरून जिना चढलो, बसप्पाच्या खाटेशी उभा राहिलो, बोट लावलं. पत्रा घासल्यासारखा आवाज आला. "मी होय म्हटलं. माहीत होतं, तू नव्हतास."

"ऐकलं," तो म्हणाला. "आता जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेलो. त्याने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. चौथ्या दिवशी त्याने डोळे मिटून तोंड उघडलं. मी डाव्या हाताने भरवायला गेलो, पहिला चमचा त्याच्या छातीवरच सांडला.