ओतलेल्या दुधाची पावती

बारा गाई सांभाळण्यात दूधवाल्या काकूंची हयात गेली. महामारीत डेअरीची गाडी चाळीस दिवस फिरकली नाही. गाईंना कुठली आलीय टाळेबंदी! काकू दोन्ही वेळा धारा काढायच्या आणि दूध स्वतःच्या हातांनी गटारात ओतायच्या.

सरकारने शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना नुकसानभरपाई जाहीर केली, तशा काकू अर्ज घेऊन शेती ऑफिसात गेल्या. तिथल्या चहाला वीस वर्षं त्यांचंच दूध, म्हणून किटलीही सोबत होतीच. रांगेत पुढे दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या बंगल्यामागची हिरवळ कागदोपत्री कुरण होती. तिथे गाय सोडाच, शेळीसुद्धा कधी चरली नव्हती. तरी त्यांचा अर्ज हसतखेळत मंजूर झाला.

काकूंचा अर्ज कारकुनाने परत सरकवला. "दूध ओतल्याची पावती कुठंय?"

"गटाराची सही आणू का?"

"नियम आहे काकू, मी काय करणार? बरं, तेवढं चहाचं दूध आत ठेवा."

काकूंना शिसारी आली. त्यांनी किटलीचं झाकण काढलं आणि सगळं दूध त्याच्या टेबलासमोर फरशीवर ओतलं.

"हे तर डोळ्यांनी पाहिलंत ना? मग फाडा पावती!"